ईएक्सटी४ चा एकच पॅच उचलावा की सगळं कर्नल पुढे न्यावं? (१ ऑगस्टला ट्रॉलर सुटणार)

मांडवीपार
१३ जुलै, रात्री १०:२०

मंडळी, लिनक्स कर्नलमधल्या एका दुरुस्तीचा (पॅचचा) निर्णय अडलाय, म्हणून धागा काढतोय.

आमच्या छोट्या कंपनीच्या पेट्या गोव्यातल्या माळीम आणि कुटबण जेटींच्या मासेमारी ट्रॉलरांवर बसवल्या आहेत. इंजिनाचं तापमान, डिझेलची पातळी, मासळी ठेवतात त्या खणातलं तापमान आणि जीपीएस, दर पाच सेकंदांनी एक नोंद. नोंदी ईएमएमसीवर (पेटीतली साठवणीची चिप) ईएक्सटी४ या फाइलसिस्टिममध्ये जातात, किनाऱ्याच्या रेंजमध्ये आल्या की वर पाठवल्या जातात. कर्नल चिपवाल्यांनी दिलेलं, ६.१.५५ वर थिजलेलं, आणि त्यात त्यांचे स्वतःचे ड्रायव्हर कालवलेले.

आता दुखणं. बोटीवर खलाशी बॅटरीचा खटका थेट पाडतात. पेटीला बंद करायचं बटण आहे हे कोणाच्या गावीही नसतं. त्याची सोय म्हणून आत सुपर कपॅसिटर आहे: व्होल्टेज पडायला लागलं की पेटी एक शेवटची नोंद लिहिते, किती वाजता, कुठल्या जागी, इंजिन कोणत्या स्थितीत, आणि मग मरते. नेमकी हीच नोंद कितीदा तरी गायब असते. फाइल खराब नाही, एफएससीके (फाइलसिस्टिम तपासणारं अवजार) तक्रार करत नाही, फाइल फक्त आखूड. लॉगर (नोंदी लिहिणारा आमचा प्रोग्राम) ओ_डायरेक्ट (मेमरीतली पेज कॅश टाळून) आणि ओ_सिंक (चिपवर पोचेपर्यंत थांबून) लावून लिहितो, म्हणजे राइट परत आला की नोंद चिपवर पोचलेली असायलाच हवी. ती नसते.

शोधताना कर्नलवाल्या यान काराचा पॅच सापडला, मुख्य कर्नलमध्ये ६.७ ला आलेला. वर्णन वाचून वाटलं माणूस आमच्या बोटीवर येऊन गेलाय. ओ_सिंकने केलेल्या डायरेक्ट लिखाणात डेटा सिंक होतो तो आयओमॅपच्या (फाइलसिस्टिमांचा सामाईक थर) आत, आणि फाइलची नवी लांबी आयनोडमध्ये (फाइलची माहिती असते तिथे) चढते ती आयओमॅपमधून बाहेर आल्यावर, म्हणजे सिंक उरकून गेल्यानंतर. मधल्या फटीत वीज गेली की डेटा डिस्कवर आहे पण लांबी जुनीच. पॅचने लांबीचं काम पूर्ततेच्या हँडलरमध्ये, सिंकच्या आधी आणलं.

चेरी-पिक केला, म्हणजे तेवढा एकच उचलून आमच्या झाडात घातला. एकही कॉन्फ्लिक्ट नाही, बिल्डमध्ये एक वॉर्निंग नाही. टेबलावर रिले लावून रात्रभर वीज तोडत ठेवली, एकही नोंद हरवली नाही.

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. आत्ता सगळ्या बोटी जेटीला बांधलेल्या आहेत, पेनड्राइव्ह घेऊन एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जायचं की झालं. १ तारखेनंतर एकेक बोट आठवड्या-दहा दिवसांनी हाताला लागणार, तीही बर्फ आणि डिझेल भरण्यापुरती. पात्रांव (आमचे मालक) म्हणतात घाल. मलाही घालावासा वाटतोय. कोणाला अडवायचं असेल तर आत्ताच अडवा.

रातांबा
१३ जुलै, रात्री १०:३८

वाचनखूण साठवली आहे. कर्नलमधलं फार कळत नाही, पण बॅटरीचा खटका पाडणारे खलाशी ओळखीचे आहेत.

प्रश्नचिन्ह
१३ जुलै, रात्री १०:५१

भाबडा प्रश्न. मुळात डायरेक्ट आयओ कशाला? साधं लिहून एफसिंक (डिस्कवर उतरवायची आज्ञा) मारलं की झालं ना?

मांडवीपार
१३ जुलै, रात्री ११:०४

@प्रश्नचिन्ह, वारशाने मिळालंय. आधीच्या माणसाने पेज कॅशवर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. नोंद ५१२ बाइटांच्या ठोकळ्यात बसवलेली, सगळा कोड त्याच बेताने लिहिलेला.

कुळागर
१३ जुलै, रात्री ११:४७

थांब. पेनड्राइव्ह खिशातून काढू नकोस.

हा पॅच एकटा ६.१ वर घालायचा प्रयोग जगाने एकदा करून झालाय. डिसेंबर २०२३. हाच पॅच स्टेबलच्या (निघालेल्या आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरवणाऱ्या शाखेच्या) ६.१.६४ मध्ये एकटा गेला होता. तिथेही कॉन्फ्लिक्ट आला नाही, बिल्ड स्वच्छ झालं. ९ डिसेंबरला डेबियन १२.३ निघायचं होतं, त्यात हेच कर्नल. ऐन वेळी थांबवलं, लोकांना अपग्रेड करू नका म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ६.१.६६ घालून थेट १२.४ काढलं. कारण: ईएक्सटी४ वरचा डेटा खराब होत होता.

कसा, ते नीट बघ. आयओमॅपमध्ये डायरेक्ट लिखाण संपलं की फाइलसिस्टिमच्या हँडलरला विचारलं जातं, झालं का? ६.१ मधला आयओमॅप असं समजतो की हँडलरने शून्य परत दिलं तर सगळं ठीक, मग फाइलमधली जागा (पुढचं लिखाण जिथून सुरू होईल ती) लिहिलेल्या बाइटांइतकी पुढे सरकवायची. शून्य नसेल तर सरकवायची नाही. जुना ईएक्सटी४ हँडलर शून्यच द्यायचा. नव्या पॅचमधला हँडलर किती बाइट लिहिले तो आकडा परत देतो. मुख्य कर्नलमध्ये ते चालतं, कारण ६.५ मध्ये क्रिस्टोफ हेलविगच्या पॅचने आयओमॅप बदललाय: जागा सरकवायचं काम थोडं नंतर होतं आणि आकडा शून्याहून मोठा असला की सरकवतात. ६.६ च्या शाखेत तो बदल आधीपासून होता म्हणून तिथे काही झालं नाही. ६.१ मध्ये नव्हता.

परिणाम: राइट यशस्वी परत येतो, बाइटांचा आकडाही बरोबर येतो, पण फाइलमधली जागा जिथल्या तिथे. पुढचं लिखाण आधीच्या डोक्यावर.

चिखलकालो
१४ जुलै, सकाळी ७:१५

खाजनातल्या मानशीचं (पाणी अडवायच्या झडपेचं) दार एका बांधावरून काढून दुसऱ्या बांधावर बसवल्यासारखं झालं. माप तेच, खाचेत झक्क बसतं, पण पहिलं ओहोटीला उघडणारं होतं आणि इथे भरतीला उघडतं. शेतात खारं पाणी शिरेपर्यंत सगळे खूश.

कुळागर
१४ जुलै, सकाळी ७:४०

उपमा पुरे, डिफ वाचा.

मांडवीपार
१४ जुलै, सकाळी ८:०२

कुळागरबाब, मग माझ्या टेबलावर रात्रभर काहीच कसं बिघडलं नाही? पॅच लावलेल्या कर्नलवर प्रत्येक नोंद जागच्या जागी आहे. चेकसम तपासलाय.

कुळागर
१४ जुलै, सकाळी ८:२६

लॉगर राइट वापरतो की पीराइट?

मांडवीपार
१४ जुलै, सकाळी ८:३१

पीराइट. ऑफसेट आपणच मोजतो.

कुळागर
१४ जुलै, सकाळी ८:५५

मग बिघडणार नाहीच. पीराइटला जागा तू हातात देतोस, कर्नलने ती पुढे सरकवली काय न सरकवली काय, तुझ्या फाइलला फरक पडत नाही. ही चाचणी तुझ्या दुखण्याची झाली, पॅचची नाही झाली. आता असं शोध की त्याच पेटीवर ओ_डायरेक्ट लावून साधा राइट करणारं आणखी कोण आहे.

आणि एक सोपी तपासणी: डीडीला (ठोकळे नकलणारी आज्ञा) ओफ्लॅग डायरेक्ट देऊन डेटा विभाजनावर दोन ब्लॉकची फाइल लिही आणि तिची लांबी बघ.

मांडवीपार
१४ जुलै, सकाळी ९:४८

दोन ब्लॉक लिहिले, डीडी म्हणतो दोन गेले, फाइल एकाच ब्लॉकची. आत दुसऱ्या ब्लॉकचा मजकूर.

आणि दुसरं कोण ते सापडलं. आमची अपडेटची स्क्रिप्ट. नवीन इमेज जेटीवरच्या वायफायवरून येते आणि आधी डेटा विभाजनावर फाइल म्हणून साठते, ती डीडीने, ओफ्लॅग डायरेक्टने. म्हणजे हे कर्नल सगळीकडे गेलं असतं तर लॉगर ठणठणीत चालला असता आणि पुढची एकही इमेज पेटीत उतरली नसती. सही तपासताना प्रत्येक वेळी नापास.

रातांबा
१४ जुलै, सकाळी १०:०३

आई गं.

जुना_खलाशी
१४ जुलै, दुपारी १:३०

पॅचची चर्चा रंगात आली आहे, पण मला अजून पटलेलं नाही की दोष ईएक्सटी४ चाच आहे. २०१८ च्या शेवटी ४.१९ वर लोकांचे ईएक्सटी४ धडाधड खराब होत होते. सगळे ईएक्सटी४ वाल्यांच्या मागे लागले होते. दोष निघाला खालच्या ब्लॉक लेयरमध्ये, बीएलके-एमक्यूत, आणि दुरुस्ती ४.१९.८ मध्ये आली. फाइलसिस्टिम ही शेवटची दिसणारी पायरी असते, म्हणून आळ तिच्यावर येतो.

तुमच्याकडे तर स्वस्तातली ईएमएमसी असणार. फ्लश झाला म्हणून सांगायचं आणि पोटात ठेवायचं, हे करणाऱ्या चिपा मी पाहिल्या आहेत. तसं असेल तर कुठलाही पॅच लावा, नोंद जाणारच.

पडताळून पाहायची रीत सांगतो. कर्नल जुनंच ठेवा, पॅचशिवाय. लॉगरमध्ये पीराइट परत आल्यावर लगेच एफडेटासिंक (फाइलचा डेटा आणि लांबी डिस्कवर उतरवायची आज्ञा) घाला, आणि तो परत आल्यावरच नोंदीचा क्रमांक सिरियल वायरवर लॅपटॉपला पाठवा. मग वीज तोडा. लॅपटॉपला मिळालेला शेवटचा क्रमांक फाइलमध्ये नसेल तर चिप खोटं बोलते आहे. असेल, आणि एफडेटासिंकशिवाय नसेल, तर दोष लांबीच्या सिंकचाच.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने आहे. तुम्ही म्हणता फक्त शेवटचीच नोंद जाते, आधीची कधी नाही. हे या दोषाशी जुळतं. पुढच्या नोंदीचा सिंक आधीच्या नोंदीची लांबी आपल्याबरोबर जर्नलमध्ये (फाइलसिस्टिमच्या रोजनिशीत) घेऊन जातो, म्हणून उघडी पडते ती फक्त शेवटची. चिप खोटं बोलत असती तर मागच्या दोन-चार नोंदीही फाटलेल्या दिसल्या असत्या.

सत्तरीचा_पाऊस
१४ जुलै, दुपारी ३:१०

माझा मुद्दा वेगळा आणि थोडा रागाचा.

स्टेबलचे नियम कागदावर किती कडक आहेत बघा. पॅच आधी लिनसच्या (मुख्य) झाडात असला पाहिजे, आजूबाजूच्या ओळी धरून १०० ओळींपेक्षा मोठा नको, उघड बरोबर आणि तपासलेला हवा, खऱ्या माणसाला छळणारा खरा दोष दुरुस्त करणारा हवा. आणि प्रत्यक्षात? प्रत्येक आवृत्तीत शेकड्यांनी पॅच, तपासायला साधारण दोन दिवस. स्टेबलवाल्या साशा लेविनची यंत्रनिवड तर आपोआप पॅच उचलते. ज्याचा आईबाप दुसऱ्या उपप्रणालीत राहतो तो पॅच एकटा आला की कोणाच्या लक्षात येणार?

एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवाले शहाणे. त्यांनी सांगितलं, आमच्या फोल्डरला यंत्राने हात लावायचा नाही. २०२२ पासून त्यांच्या जुन्या शाखांना नेमलेली माणसं आहेत, सुरुवातीला ५.१० ला अमीर गोल्डस्टीन, ५.१५ ला लिया रुमांचिक. ते पॅच जमवतात, एफएसटेस्ट्सच्या (फाइलसिस्टिमच्या चाचणीसंचाच्या) फेऱ्या मारतात, एक्सएफएसच्या यादीवर दाखवतात, होकार आला की मगच स्टेबलला पाठवतात. फाइलसिस्टिमचा पॅच असाच न्यायला हवा. वाय-फाय ड्रायव्हरचा पॅच चुकला तर वाय-फाय जातो, मागे घेतला की परत येतो. फाइलसिस्टिमचा पॅच मागे घेतला तरी खराब झालेली फाइल खराबच राहते.

म्हणून माझं मत: काहीच उचलू नकोस. शेवटची नोंद जाते तर जाऊ दे.

कुळागर
१४ जुलै, दुपारी ४:०५

@सत्तरीचा_पाऊस, अर्धं मान्य. उरलेल्या अर्ध्यासाठी २०२३ चाच मे महिना आठव. ६.३ वर एक्सएफएसचा मेटाडेटा खराब होत होता. दुरुस्ती मुख्य झाडात लिहून तयार होती, स्टेबलमध्ये कोणी नेली नव्हती. ६.३.५ मध्ये ती गेली तेव्हा कुठे लोकांची सुटका झाली. म्हणजे त्याच वर्षात एकदा नेल्यामुळे आणि एकदा न नेल्यामुळे डेटा गेला. ‘काहीच उचलू नकोस’ हाही निर्णयच आहे, आणि त्याचा हिशेबही कोणीतरी भरतोच.

शिवाय यंत्रनिवडीवर राग काढताना हेही सांग की ६.१.६४ ची गडबड पकडली कोणी. एलटीपी या लिनक्सच्या चाचणीसंचातली प्रीडव्ही०३ ही चाचणी नापास झाल्याचं आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत दिसलं आणि त्यावरून यान काराने मूळ शोधलं. तीही यंत्रंच.

सत्तरीचा_पाऊस
१४ जुलै, दुपारी ४:२२

पकडली, पण आवृत्ती बाहेर पडल्यावर पकडली.

कुळागर
१४ जुलै, दुपारी ४:४०

हो. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि स्टेबलवाल्यांकडेही समाधान होईल असं नाही.

मांडवीपार, तुझ्या कामाचं सांगतो. एकटा पॅच नेता येतच नाही असं नाही, पण मग तीन न्यावे लागतील. आधीचा: हेलविगचा आयओमॅपवाला. मधला: तुझा. नंतरचा: त्याच हँडलरमधल्या वॉर्निंगची दुरुस्ती, तीही यान काराचीच. मधल्या पॅचमध्ये एक गृहीत होतं की पूर्ततेच्या वेळी मेमरीतली लांबी डिस्कवरच्या लांबीपेक्षा कमी असूच शकत नाही. सिझबॉटने (आपोआप दोष शोधणाऱ्या यंत्राने) दाखवलं की असू शकते, एकीकडे डायरेक्ट लिखाण संपत असताना दुसरीकडे ट्रंकेटने फाइल वाढवली तर. मग दोन्ही लांब्या तपासणारी दुरुस्ती आली. ती शोधायला जादू लागत नाही. मुख्य झाडाच्या लॉगमध्ये ‘फिक्सेस’ या खुणेपुढे तुझ्या कमिटचा क्रमांक शोध. कुठलाही पॅच मागे न्यायच्या आधी हे एक काम केलंच पाहिजे: त्याच्या नावाने पुढे कोणी दुरुस्ती लिहिली आहे का.

आधीचा पॅच शोधणं अवघड, कारण त्याची खूण कुठे नसते. तिथे हँडलर कोण बोलावतो, परत आलेल्या आकड्याचं काय करतो, हे दोन्ही झाडांत शेजारी शेजारी ठेवून वाचावं लागतं. कॉन्फ्लिक्ट आला नाही याचा अर्थ एवढाच की त्या ओळी कोणी हलवल्या नव्हत्या.

आणि तिन्ही पॅच मुख्य झाडातून उचलू नकोस, ६.१ च्या स्टेबल शाखेतून उचल. तिथे ते त्या शाखेला बसवून ठेवलेले आहेत.

चिखलकालो
१४ जुलै, संध्याकाळी ६:१२

मी वेर्ण्याला अशाच पेट्यांचं काम करतो, फक्त त्या बोटीवर नसतात. आम्ही पॅच वेचणं सोडलं. ६.१ ची जी ताजी स्टेबल असेल ती पूर्ण मर्ज करतो. चिपवाल्यांच्या झाडावर मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट येतात ते बहुतेक त्यांच्याच एमएमसी आणि इथरनेटच्या ड्रायव्हरमध्ये, फाइलसिस्टिममध्ये जवळपास कधीच नाही. दोन दिवस डोकं जातं, पण मग प्रत्येक पॅचचा आधीचा कोण आणि नंतरचा कोण हे शोधत बसावं लागत नाही. स्टेबल सांभाळणारा ग्रेग क्रोआ-हार्टमन वर्षानुवर्षं हेच सांगतोय, वेचू नका, पूर्ण घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलवाले सीव्हीईचे (सुरक्षेतल्या दोषांचे) क्रमांक स्वतःच देतात, ते इतके आहेत की एकेक बघून वेचणं माणसाचं काम राहिलेलं नाही.

मांडवीपार
१४ जुलै, रात्री ९:३०

@चिखलकालो, पटतं. पण ६.१.५५ वरून आजच्या ६.१ वर उडी म्हणजे हजारो पॅच एकदम. पंधरवड्यात बोटी सुटणार. एमएमसीच्या ड्रायव्हरमध्ये काही हुकलं तर पेटी बूटच होणार नाही, आणि ती पेटी तेव्हा रत्नागिरीसमोर कुठेतरी असेल.

@जुना_खलाशी, तुमची चाचणी लावली आहे. जुनं कर्नल, एक पेटी एफडेटासिंकसह, एक शिवाय. रिले दोन्हींना एकच.

मांडवीपार
१५ जुलै, सकाळी ७:५०

निकाल. एफडेटासिंकवाल्या पेटीत लॅपटॉपला कळलेली प्रत्येक नोंद फाइलमध्ये आहे. शिवायवाल्या पेटीत शेवटची नोंद वारंवार गायब. चिप खरं बोलते. दोष तोच.

जुना_खलाशी
१५ जुलै, सकाळी ८:२०

छान. आता बघा, उत्तर तुमच्या हातात पडलंच आहे. जुन्या कर्नलवर, पॅच न लावता, लॉगरच्या एका ओळीने तुमचं दुखणं जातंय. पीराइट परत येतो तेव्हा लांबी मेमरीत वाढलेली असते, एफडेटासिंक ती जर्नलमध्ये उतरवतो. मग १ ऑगस्टच्या आत कर्नलला हात लावायचं कारण काय उरलं?

सत्तरीचा_पाऊस
१५ जुलै, सकाळी ८:३४

+१. हेच म्हणत होतो.

कुळागर
१५ जुलै, सकाळी ८:४१

तू हे म्हणत नव्हतास, तू नोंद जाऊ दे म्हणत होतास. :)

पण जुना_खलाशींना माझंही अनुमोदन. लॉगर बदलणं फसलं तर लॉगर मागे घेता येतो, पेटी तरी जागी राहते.

प्रश्नचिन्ह
१५ जुलै, सकाळी ९:१५

दर नोंदीला आणखी एक सिंक म्हणजे चिप लवकर झिजणार नाही का? पाच सेकंदांनी एक म्हणजे दिवसाला १७,२८० होतात.

जुना_खलाशी
१५ जुलै, सकाळी ९:५०

चांगला प्रश्न. ओ_सिंकमुळे तेवढे फ्लश आत्ताही होतच आहेत, त्यात जर्नलच्या लिखाणाची भर पडेल. ते टाळायचं असेल तर दिवसाची फाइल पहाटे एकदाच पूर्ण लांबीची करून ठेवा आणि एफसिंक करा. मग लांबी वाढतच नाही, म्हणजे हा दोष लागूच होत नाही. शेवटची खरी नोंद कोणती हे क्रमांक आणि चेकसमवरून ओळखायचं.

मात्र नुसतं फॅलोकेट करून (न लिहिता जागा राखून) पूर्ण फायदा नाही. त्यातून मिळालेले ब्लॉक ‘अजून न लिहिलेले’ म्हणून नोंदवलेले असतात, पहिल्यांदा लिहिताना तो शिक्का पुसायला जर्नल लागतंच. खरंच वाचवायचं तर शून्यं लिहून फाइल भरून ठेवा. ५१२ बाइटांच्या हिशेबाने दिवसाची फाइल नऊ एमबीच्या आत बसते, पहाटे एकदा तेवढं लिहिणं काहीच नाही.

पण हे सगळं नंतर. आत्ता एक ओळ.

मांडवीपार
१५ जुलै, रात्री १०:१०

पात्रांवांशी बोललो. त्यांना पॅच आणि लॉगर यातला फरक कळून घ्यायचा नव्हता, ‘बोट सुटल्यावर फोन येता कामा नये’ एवढंच म्हणाले. ठरलं ते असं:

ट्रॉलरांवर ३१ तारखेच्या आत फक्त नवा लॉगर, एफडेटासिंकसह. कर्नल जुनंच. एकट्या पॅचवालं माझं बिल्ड सर्व्हरवरून काढून टाकलंय, म्हणजे उद्या दुसऱ्या कोणी चुकून ते उचलायला नको.

कर्नल चिखलकालोच्या रीतीने पूर्ण पुढे नेणार, पण आधी जेटीवरच्या बर्फ कारखान्यातल्या पेट्यांवर. तिथे पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते, म्हणजे चाचणी फुकटात, आणि पेटी बसली तर चालत जाऊन उठवता येते. ट्रॉलरांना ते कधी, हे तिथला अनुभव बघून.

एक शंका. एफएसटेस्ट्स पेटीवर चालवणं शक्य नाही, मेमरीच पुरत नाही. लॅपटॉपवर क्यूईएमयूमध्ये (आभासी यंत्रात) हेच झाड बांधून चालवलं तर चालेल का? क्विक गट लावणार आहे. जेनेरिक/४७५ आणि जेनेरिक/३८८ त्या गटात नाहीत, आणि फार वेळ खातात म्हणून वेगळ्याही घेतल्या नाहीत.

कुळागर
१५ जुलै, रात्री १०:३५

क्यूईएमयू चालेल, फाइलसिस्टिमचा कोड बहुतांश तोच. पेटी ३२ बिटांची असेल तर लॅपटॉपवरही ३२ बिटांचंच बांध, लांबीचे आणि ऑफसेटचे दोष तिथे वेगळे वागतात.

नापास किती यावर जाऊ नकोस. आधी ६.१.५५ वर एक फेरी मार, मग नव्यावर, आणि फक्त फरक बघ. काही चाचण्या लहरी असतात, एका फेरीत पास, दुसऱ्या फेरीत नापास, म्हणून फरक दिसला तर तीच चाचणी पुन्हा पुन्हा चालव.

आणि वगळायचं ते सोडून तू नेमक्या हव्या त्याच वगळल्यास. ३८८ काम चालू असताना फाइलसिस्टिम मध्येच बंद पाडते आणि परत माउंट करून बघते. ४७५ खालच्या डिस्कमधून चुका फेकून तेच करते. तुझी बोट रोज हेच करते. त्या दोन्ही घे, हवं तर क्विकमधल्या दुसऱ्या काढ. आणि जमल्यास ऑटो गट, वेळ लागला तरी.

मांडवीपार
१५ जुलै, रात्री १०:५२

दोन्ही घेतल्या, ऑटो लावला, ६.१.५५ वरची फेरी सुरू केली. लॅपटॉपचा पंखा आत्ताच विमानासारखा वाजतोय. माळीमला शनिवारी नवा लॉगर घेऊन जातोय, पहिल्या चार बोटींच्या तांडेलांना सांगून ठेवलंय.

देव बरें करूं सगळ्यांचं. फरकाची यादी निघाली की इथेच टाकतो.

चिखलकालो
१५ जुलै, रात्री ११:०५

शनिवारी मीही येतो, मर्जमधले एमएमसीचे कॉन्फ्लिक्ट आमच्याकडे सोडवलेले आहेत, ब्रँच घेऊन येतो. आणि त्या डीडीच्या ओळीतला ओफ्लॅग डायरेक्ट काढ आधी. इमेज साठवायला तो कशाला हवाय?

मांडवीपार
१५ जुलै, रात्री ११:०९

तोही वारसा. काढतो.